चक्कर आली की साखर

घरात एकाला जुनं दुखणं जडलं की बाकीची माणसं हळूहळू अर्धे डॉक्टर होतात. ज्याचं दुखणं त्याने तोंड उघडायच्या आत यांचं निदान तयार असतं, आणि औषधही. तुमच्या-आमच्या ओळखीत असं एखादं घर असतंच. बिट्टीचं घर तसंच होतं, आणि त्यात राहायला दोघीच, म्हणजे एक रोगी आणि एक डॉक्टर.

बिट्टी दुसरीत असताना तिला मधुमेह निघाला. लहान वयात होतो तो, ज्यात रोज इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागते. पहिल्याच वर्षी एकदा पोर शाळेतून आली ती दारातच पांढरीफटक पडली. घामाने भिजलेली, आईला ओळखेना. शुगर पार खाली गेली होती. शेजारीण धावत आली, तिने गालाच्या आतून साखर चोळली आणि पोर भानावर आली. त्या दिवशी आईच्या मनाने जे धरलं ते धरलं. बिट्टी डगमगली की साखर. त्यात विचारायचं काय आणि मोजायचं काय! तेव्हापासून आईच्या खिशात, पिशवीत, उशाखाली साखरेच्या पुड्या आणि गोड गोळ्या असायच्याच. झोपेतसुद्धा तिचा एक कान लेकीच्या श्वासाकडे असायचा. अशी अकरा-बारा वर्षं काढली की माणूस थकतोच, पण आपण थकलोय हे कबूल करायलाही तिला सवड नव्हती.

आता बिट्टी एकोणीस वर्षांची झाली होती आणि मायलेकी एकाच ठिकाणी कामाला होत्या, एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत. तळघरातली लांबलचक खोली, एका बाजूला धुण्याची यंत्रं, मध्ये चादरी वाळवून इस्त्री करणारा भला मोठा गरम रूळ, आणि पलीकडे घड्या घालायची जागा. दिवसभर उभं राहून बायकांच्या पोटऱ्या भरून येतात म्हणून तिथे जमिनीवर मऊ रबरी गाद्या अंथरलेल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही, त्यामुळे बायका जोडीने काम करायच्या. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकायचं, चादर एकदा झटकायची, मग हात वर करून एकमेकींकडे चालत यायचं. कोपरे जुळले की एकीने ते दुसरीच्या हातात द्यायचे आणि खाली वाकून घडीचं टोक उचलायचं. बिट्टीची जोडी अर्थातच आईशी. लेकीला दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची आईची तयारी नव्हती.

गेले काही महिने एक गोष्ट होत होती. चादर वर गेली, बिट्टीच्या तोंडासमोर आली की पलीकडे लेक डगमगताना आईला जाणवायची. कोपरा एकदम खाली ओढला जायचा. चादर बाजूला होताच बिट्टी पाय फाकवून उभी, एक हात टेबलावर, चेहरा उतरलेला.

"आली का चक्कर? आ कर."

"आई, शुगर कमी नाहीये. मला कळतं ना."

"तुला काय कळतंय? आ कर म्हटलं ना."

गोळी तोंडात जायची. दोन मिनिटांत बिट्टी सावरायची, मग आई तिच्या खिशातलं शुगर मोजायचं यंत्र काढून तिच्या बोटातून थेंब घ्यायची. आकडा भरपूर यायचा. "बघ," आई म्हणायची, "गोळी दिली म्हणून चढली." आधी साखर, मग मोजणी, आणि मोजणीत साखर दिसली की आईचं म्हणणं खरं! या हिशोबात आई कधी हरणं शक्यच नव्हतं.

बरं, हे एकट्या आईपुरतं राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण चांगुलपणा फार लवकर पसरतो. बघता बघता सगळ्या लॉन्ड्रीने बिट्टीची काळजी घ्यायची ठरवली. धुण्याच्या यंत्रांवरचा काका जाता-येता तिच्या हातावर बिस्कीट ठेवायचा. टॉवेलवाल्या मावशीच्या एप्रनमध्ये तर खास तिच्यासाठी चॉकलेटं. बिट्टी जिन्यावर कठडा धरून थांबली तरी कुणीतरी ओरडायचं, "अगं, पोरीला काहीतरी गोड द्या!" बिट्टी सगळं मुकाट्याने खायची. नाही म्हटलं की माणसं दुखावतात आणि मग त्यांची समजूत घालत बसावं लागतं. त्यापेक्षा चघळून टाकलेलं बरं. रात्री तिला इन्शुलिन वाढवून घ्यावं लागायचं, तेवढंच.

तीन महिन्यांनी शुगरच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तेव्हा तपासणीचा कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"बिट्टीताई, शुगरची सरासरी कुठच्या कुठे गेली आहे. चोरून गोडधोड चाललंय का?"

बिट्टीने आईकडे पाहिलं. आईने खिडकीकडे पाहिलं. "सांभाळते आता," असं बिट्टीच म्हणाली आणि तो विषय तिथे मिटला. पोरीने आईच्या वाटणीची बोलणी खाल्ली हे आईला त्या वेळी कळलंही नाही. तिला एवढंच वाटलं की डॉक्टरांना काय जातंय सांगायला, रात्रंदिवस पहारा मी देते.

मग तो दिवस आला. रुळातून चादर बाहेर येताना अडकली, म्हणून ती सोडवायला बिट्टी खाली वाकली आणि झटकन उठली. उठली ती सरळ उभीच राहिली नाही. तिचा तोल रुळाच्या बाजूला गेला. लॉन्ड्रीच्या मुकादम बाई शेजारीच होत्या म्हणून बरं, त्यांनी एप्रनचा पट्टा धरून तिला मागे खेचलं. बिट्टीच्या हाताला नुसती गरम वाफ लागली. थोडक्यात निभावलं, पण मुकादम बाईंचं तोंड राखेसारखं झालं होतं.

मुकादम बाई आणि आई एकाच वर्षी कामाला लागलेल्या. चारचौघांत "तुम्ही", दोघीच असल्या की "तू". बाईंनी आईला कपाटांच्या मागे बोलावलं.

"हे बघ, मला वाईटपणा नको आहे. पण उद्या या पोरीचा हात रुळात गेला तर मी तुला तोंड कसं दाखवू? चक्कर येणाऱ्या माणसाला मी या खोलीत ठेवू शकत नाही."

"अगं, शुगर उतरते तिची. दुसरं काही नाही. खाणं वेळेवर झालं की होते ठीक."

"नक्की?"

"बारा वर्षं मी करतेय तिचं. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मग उद्या सकाळी माझ्यासमोर दोघी घड्या घाला. नीट झालं तर राहील ती. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

या नोकरीवर बिट्टीचा जीव होता. त्या पगारातून ती संध्याकाळच्या शिवणकामाच्या वर्गाची फी भरायची. मुख्य म्हणजे, इथे ती निदान आठ तास कामकरीण असायची, दुखणाईत नसायची. तिने आईला एवढंच विचारलं, "काढतील का गं मला?"

"कशाला काढतील? मी आहे ना," आई म्हणाली.

आणि आईने काय केलं असेल? सकाळी चहात नेहमीपेक्षा दुप्पट साखर घातली. वर दोन केळी खायला लावली. बसमधून उतरल्यावर सरबताची बाटली पुढे केली. बिट्टी म्हणाली, "आई, खूप झालं, आता मळमळतंय." आई म्हणाली, "आजच्या दिवस ऐक माझं. आज उतरायला नको." पोरीने डोळे मिटून बाटली रिकामी केली.

घड्या घालायच्या जागी मुकादम बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. बाकीच्या बायका काम करत असल्याचं दाखवत होत्या, पण सगळ्यांची नजर इकडेच. पहिली चादर नीट गेली. दुसरीही. आईच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तिसरी होती सगळ्यात मोठ्या पलंगाची. दोघींनी हात डोक्याच्या वर नेले, चादर पडद्यासारखी मध्ये उभी राहिली, आणि आईच्या हातातले कोपरे हिसकले गेले.

बिट्टी रबरी गादीवर आडवी पडली होती आणि चादर तिच्या अंगावर पसरली होती.

आईने धाव घेतली. चादर बाजूला सारली, खिशात हात घातला, पुडी फोडली. "आ कर. बिट्टी, आ कर लवकर!"

बिट्टीने तोंड उघडलं नाही. दात घट्ट आवळले, ओठ मिटले आणि मान दुसरीकडे फिरवली. ती शुद्धीत होती, चांगली शुद्धीत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठून बसत तिने स्वतःच्या खिशातून यंत्र काढलं, बोटाला टोचलं आणि थेंब लावला. मग यंत्र आईच्या तोंडासमोर धरलं.

तीनशे चाळीस.

"बिघडलंय ते," आई म्हणाली.

बिट्टीने दुसरं बोट टोचलं. तीनशे छत्तीस.

"आता सांग," बिट्टी म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "अजून किती चढवू, म्हणजे माझी चक्कर थांबेल?"

टॉवेलवाल्या मावशीने हात हळूच एप्रनच्या खिशातून बाहेर काढला. आई साखरेची पुडी हातात घेऊन तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदाच, पुढे काय करायचं हे तिला सुचत नव्हतं.

मुकादम बाईंनी त्या दिवशी वर काही कळवलं नाही. "डॉक्टरला दाखवा आणि मग या," म्हणाल्या. शुगरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आधी चढलेल्या शुगरची व्यवस्था लावली, मग बिट्टीला उभं केलं, चालायला लावलं. शेवटी म्हणाले, "हे मी आधीच विचारायला हवं होतं. मला हे शुगर उतरण्याचं वाटत नाही. कानाच्या डॉक्टरांना भेटा."

"कानाच्या?" आई चक्रावली. "अहो, तिला चमचा पडला तरी शेजारच्या खोलीत ऐकू येतं."

कानाच्या डॉक्टरीणबाई उतारवयाच्या, बोलायला जरा तुसड्या, पण हात हलका. त्यांनी बिट्टीला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रश्नाला आईनेच उत्तर दिलं. कधीपासून होतंय, कशाने होतंय, किती वेळ टिकतं. चौथ्या उत्तराला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चक्कर तुम्हाला येते की हिला?"

आईने खुर्ची जरा मागे घेतली, आणि पुढची उत्तरं बिट्टीने दिली.

मग त्यांनी बिट्टीचं डोकं दोन्ही हातांत अलगद धरून झटकन थोडंसं वळवलं आणि तिचे डोळे पाहिले. कानात पाणी सोडून तपासलं. शेवटी जाड स्पंजचा तुकडा जमिनीवर ठेवला. "यावर उभी राहा. मी धरलंय." बिट्टी उभी राहिली. "आता डोळे मीट." डोळे मिटताच बिट्टी कलली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला कवेत सावरलं. "आता तुम्ही या," त्या आईला म्हणाल्या. आई स्पंजवर चढली, डोळे मिटले. थोडी हलली, पण उभी राहिली. पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई उभी राहिली आणि एकोणीस वर्षांची पोर पडली. आईने डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाचा तोल तिघं मिळून सांभाळतात. डोळे, पाय आणि कानाच्या आतला एक छोटासा भाग. त्याचा ऐकण्याशी संबंध नाही. डोकं कुठे वळलं, कुठे कललं ते तो मेंदूला कळवतो. हिचा तो भाग दोन्ही कानांत अशक्त झालाय. डोळे आणि पाय जागेवर असले की हिचं निभतं. आता मला सांगा, तुमच्या कामात पायाखाली काय असतं?"

"मऊ गाद्या," बिट्टी म्हणाली.

"आणि चादर वर गेली की?"

"काहीच दिसत नाही."

"झालं तर मग. पायांचा भरवसा नाही, डोळ्यांपुढे पडदा. राहिला कान, आणि तोच दुबळा."

"पण चादर खाली आली की ती सावरायची," आई पुटपुटली. "मला वाटायचं, गोळीमुळे."

"दिसायला लागल्यामुळे."

मग आईने विचारलं, "एवढ्या लहान वयात? हे म्हाताऱ्यांना होतं ना?"

"तसंच सगळे समजतात, म्हणून तरुण मुलांना कुणी तपासतच नाही. मधुमेहाच्या सगळ्यांनाच हे होतं असं नाही. पण शुगर वर्षानुवर्षं वरखाली होत राहिली की डोळ्यांना, पायांच्या नसांना त्रास होतो, हे तुम्हाला माहीत आहे. तशाच बारीक रक्तवाहिन्या आणि नसा कानातही असतात. त्याही दमतात."

"म्हणजे मी दिलेल्या साखरेनेच..." आई म्हणाली.

"ते मी म्हणणार नाही. कारण मला ते माहीत नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही." डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "पण ऐका. शुगर खरंच उतरली असेल तर साखर द्यायलाच हवी. यंत्र जवळ नसेल, मोजायला वेळ नसेल, घाम फुटलाय, बोलणं बरळतंय, तर थांबू नका, लगेच द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता डॉक्टरला बोलवा. साखर देण्यात तुमची चूक नव्हती. यंत्र हिच्या खिशात होतं आणि जीभ हिच्या तोंडात होती, तरी तुम्ही दोघांनाही विचारलं नाही, चूक ती आहे."

"मी काळजीपोटी..."

"काळजी सगळेच करतात हो. माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या काळजीने बेजार झालेलं असतं. काळजीला कान नसले की ती नुसता त्रास होते."

औषधाची बाटली मिळेल अशी आईची अपेक्षा होती. मिळाले ते व्यायाम. भिंतीवरच्या खुणेवर नजर ठेवून मान वळवायची, आधार धरून मऊ जागेवर उभं राहायचं, रोज, न कंटाळता. शुगर शक्य तितकी एका पातळीवर ठेवायची. अंधारात दिवा लावल्याशिवाय चालायचं नाही. "पूर्वीसारखं होईल असं वचन देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण बाकीचे दोघं जास्त काम करायला शिकतात. पुष्कळ सुधारतं."

घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या. बाहेर अजून उजेड होता. सवयीने आई म्हणणार होती, काहीतरी खाऊन घे. ते तिने गिळलं आणि तिला जो प्रश्न इतक्या वर्षांत सुचला नव्हता तो विचारला.

"तुला नक्की काय होतं गं, चक्कर येते तेव्हा?"

बिट्टीने आधी आईकडे संशयाने पाहिलं. मग बोलायला लागली. घर फिरत नाही, म्हणाली, जमीनच आपल्याखालून सरकते, पाय ठेवायला खरी जागाच नाही असं वाटतं. केस धुताना डोळे मिटावे लागतात म्हणून गेले कित्येक दिवस ती बाथरूममध्ये जमिनीवर बसून केस धुते. गल्लीतले दिवे गेले की भिंतीला हात लावून येते, आणि कुणी पाहिलं तर भिंतीचा रंग बघत असल्यासारखं करते. चालताना मान वळवली की दुकानांच्या पाट्या नाचतात. मैत्रिणींनी एकदा हसत विचारलं होतं, प्यायलीस का गं? तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर फिरायला जात नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," बिट्टी म्हणाली. "प्रत्येक वेळी सांगायला तोंड उघडलं, आणि तू त्यात गोळी घातलीस."

आईला यावर काही बोलायचं होतं. मी तुझ्यासाठी झोपले नाही, मी एकटीने निभावलं, असं बरंच काही. सगळं खरंच होतं. पण लेकीचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं, म्हणून तिने टेबलावर हात ठेवले आणि ती ऐकत राहिली. बाहेर अंधारलं तेव्हा बिट्टीच उठली, तिने आधी दिवा लावला आणि मग पुढचं सांगायला लागली.

बिट्टीची नोकरी राहिली. मुकादम बाईंनी तिला रुळापासून आणि मोठ्या चादरींपासून लांब, उशांच्या खोळींच्या टेबलाशी बसवलं. तिथे बसून काम होतं आणि पायाखाली साधी टणक फरशी आहे. आईची जोडी आता टॉवेलवाल्या मावशीशी. बिट्टी रोज व्यायाम करते. कधी बरं जातं, कधी अजून भिंत धरावी लागते. सगळं गोड झालं असं खोटं सांगून तुमची बोळवण करायची नाही. पण परवा यंत्रवाल्या काकाने बिस्कीट पुढे केलं तेव्हा बिट्टीच्या आधी आईच म्हणाली, "अहो, तिला आधी विचारा तरी." बिट्टीने आधी मोजलं. या वेळी शुगर खरंच उतरलेली निघाली, आणि तिने स्वतःच्या हाताने बिस्कीट घेऊन खाल्लं.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शेजारात कुणी ना कुणी दुखणाईत असतं. तरुण असतं तेव्हा तर आपण दोनच गोष्टी म्हणतो, नाटक आहे किंवा नेहमीचंच आहे. नेहमीच्या दुखण्याच्या आड दुसरं दुखणं लपू शकतं, आणि ते विशी न ओलांडलेल्या पोरीलाही होऊ शकतं. मधुमेह असलेलं मूल पुन्हा पुन्हा तोल जातो म्हणालं तर शुगर मोजा, आणि ती उतरलेली नसेल तर तेवढ्यावर न थांबता कानही तपासून घ्या. यापेक्षा सोपी एक गोष्ट आहे, जी करायला डॉक्टर लागत नाही. मदतीचा हात पुढे करण्याआधी त्या माणसाला विचारा, तुला काय होतंय. आणि विचारलंत की त्याचं सांगून संपेपर्यंत गप्प बसा.